निरोपाचे भाऊ

त्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता स्टेशनवरचे भाऊ आमच्या दारात आले. त्यांनी आईला विचारलं, "आज डब्यात काय दिलं होतं?"

आई म्हणाली, "पडवळ."

भाऊ म्हणाले, "गॅस बंद करा. स्टेशनवर बोलावलंय. दोन माणसं बरोबर घ्या."

बाबा आठ वाजता घरातून निघाले होते. सिग्नलच्या केबिनच्या बाजूने रूळ ओलांडताना त्यांना गाडीने उडवलं. मी तेव्हा बारावीत होते. शेजारचे दोघे शर्ट चढवून बाहेर येईपर्यंत भाऊ उंबऱ्याच्या पलीकडे उभे होते. आईने त्यांना पाणी विचारलं. अशा वेळीसुद्धा माणूस पाणी विचारतो, हे मी तेव्हा पाहिलं. भाऊ म्हणाले, "नको वहिनी. आज मला तुमच्या घरचं पाणी चालायचं नाही."

भाऊ भाईंदर स्टेशनवर पोर्टर होते. फलाट झाडून घेणं, पार्सलं उतरवणं, मास्तरांचे कागद इकडून तिकडे पोचवणं ही त्यांची रोजची कामं. पण पूर्वेला, आमच्या नवघरच्या बाजूला, त्यांना सगळे ओळखत ते निराळ्याच कामामुळे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मुंबईतल्या चाळींतून आमच्यासारखी माणसं एक खोली-किचनच्या घरात येऊन राहायला लागली होती आणि टेलिफोन सबंध इमारतीत एखाद्याकडे असला तर असायचा. रुळांवर कुणी सापडलं की पोलीस खिशातला पास बघायचे, पासावरचा पत्ता वाचायचे आणि भाऊंना हाक मारायचे. गल्ल्या त्यांनाच माहीत होत्या. इमारती रोज नव्या उभ्या राहत होत्या, पोस्टमनही चुकायचा. भाऊ चुकत नसत, असं सगळे मानायचे.

"गेले" हा शब्द त्यांनी कुणाच्याही दारात उच्चारला नाही. "स्टेशनवर बोलावलंय, दोन माणसं बरोबर घ्या," एवढंच. दोन माणसं कशासाठी, ते हळूहळू नवघरात सगळ्यांना कळलं. मग निरोपाचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत बायका खाली बसायला लागल्या. म्हणून भाऊ आधी गॅस बंद करायला सांगत. एकदा एका घरी दूध उतू जाऊन आगीची पाळी आली होती, तेव्हापासूनची ती शिस्त.

अशा माणसाने रस्त्याने साधं चालायचं कसं? भाऊ गल्लीत दिसले की खिडक्यांतून माना बाहेर यायच्या. नळावरच्या बायका हंडा भरत ठेवून बघत राहायच्या, भाऊ कोणत्या जिन्याकडे वळतात ते. यावर भाऊंनी एक युक्ती काढली होती. कामाशिवाय बाहेर पडले की हातात कापडी पिशवी घ्यायची आणि तिच्यातून मेथीची नाहीतर माठाची जुडी चांगली वीतभर बाहेर काढून ठेवायची. लांबूनही हिरवं दिसलं पाहिजे. गावातली एखादी म्हातारी तरी खात्री करून घ्यायची.

"भाऊ, भाजीच हाय ना?"

"भाजीच हाय, आजी. दुसरं काय न्हाय."

"मंग जा बाबा, जा."

भाजी घ्यायची नसली तरी पिशवी असायचीच. एकच जुडी ते दोन दिवस फिरवायचे, पाणी मारून. केबिन रोडवरचा एक कापडवाला त्यांना हसत म्हणायचा, "भाऊ, दुकान के सामने खडे मत रहो. गिऱ्हाईक भागता है." भाऊही हसायचे आणि दोन दुकानं पुढे जाऊन उभे राहायचे. मी हे पुष्कळदा पाहिलं आहे. ते हसायचे, पण दरवेळी पुढे सरकायचेच.

बाबा गेल्यावर आठवड्याने त्यांच्या पिशवीतल्या वस्तू आणायला मी स्टेशनवर गेले. चष्म्याचं घर, छत्री, डबा आणि वाचनालयाचं एक पुस्तक. पुस्तक भाऊंनी स्वतःच्या कपाटात ठेवलं होतं, वर्तमानपत्रात गुंडाळून. म्हणाले, "एकशे बारावं पान दुमडलेलं होतं. मी तसंच ठेवलंय. सरळ केलं नाही." त्यांचं शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत झालेलं. त्यांनी मला विचारलं, "ह्यात काय आहे?" मी सांगू शकले नाही. ते पुस्तक मी वाचलं नव्हतं. घरी नेऊन वाचलं, आणि पंधरा दिवसांनी फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसून त्यांना त्याची गोष्ट सांगितली. एकशे बारा पानांपर्यंत सांगून झालं तेव्हा ते म्हणाले, "इथवर साहेबांना माहीत होतं. पुढचं सांगा."

तिथून आमची ओळख वाढली. कॉलेजला जाता-येता मी त्या बाकावर थांबायची. दुपारी गाड्या कमी असत. उत्तन-तारोडीकडून आलेल्या मासेवाल्या रिकाम्या पाट्या पालथ्या घालून सावलीत विसावा घेत. भाऊ झाडू भिंतीला टेकवून माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बसायचे. मी एखाद्या पुस्तकातलं सांगायची, ते स्टेशनचं सांगायचे.

स्टेशनचं त्यांना पुष्कळ माहीत होतं. त्यांच्या आधीच्या म्हाताऱ्या पोर्टरने त्यांना सांगितलेलं आणि त्याला त्याच्या आधीच्याने. इंग्रजांनी खाडीवर पूल घातला, गाडी पलीकडे वसईला गेली आणि भाईंदर नकाशावर आलं ते मिठामुळे. दोन्ही अंगांना मिठागरं. फलाट म्हणजे मातीचा बांध. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. माणसं थोडी चढायची, मीठच जास्त चढायचं. "पोर्टरचं खरं काम तेव्हापासून निरोपाचंच," भाऊ सांगायचे. "मिठाला वाघीण, म्हणजे मालाचा डबा, आली की पोर्टरने पळत जाऊन मिठागरावर सांगायचं, 'वाघीण आली, माणसं घेऊन चला.' लोक खूश व्हायचे. त्याला गूळ-पाणी द्यायचे. मग पाहुण्यांचे निरोप आले. अमक्याचा जावई उतरलाय, बैलगाडी पाठवा. तेव्हाही बसायला पाट मिळायचा. काम तेच आहे, ताई. निरोपच बदलले."

नवघरातली जुनी माणसं स्टेशनला 'ठेसन' म्हणत आणि त्याच्यावर घरातल्या वडीलधाऱ्यावर रागवावं तसं रागवत. पूर्वेला स्टेशनचं तोंड नव्हतंच म्हणा, ते होतं पश्चिमेकडे. पूर्वेच्या माणसाने मिठागराच्या बांधावरून यायचं आणि रूळ ओलांडायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची वाट. पुढे रुळांवरून जायला पूल झाला, पण वाट पायांत राहिली. बाहेरून आलेल्या आमच्यासारख्यांनीही ती गावकऱ्यांचं बघून उचलली. फरक एवढाच की गावकऱ्यांच्या लहानपणी दिवसाला मोजक्या गाड्या होत्या. भाऊ एवढं सांगून थांबत. बाबांचं नाव ते घेत नसत आणि मीही विचारत नसे.

डब्याचं मात्र मी विचारलं. आमच्या दारात येऊन त्यांनी पहिल्यांदा तेच का विचारलं? बरेच दिवस त्यांनी टाळलं. मग एका दुपारी सांगितलं.

बाबांच्या अपघाताच्या तीनेक वर्षं आधीची गोष्ट. रुळांवर एक गृहस्थ सापडले. पासावर नाव सावंत, पत्ता गणेशकृपा, दुसरा मजला, नवघर. नवघरात तेव्हा गणेशकृपा दोन होत्या. दुसरी नुकतीच उभी राहिली होती आणि तिच्याही दुसऱ्या मजल्यावर सावंतच होते. भाऊंना एकच माहीत होती. ते तिथे गेले, गॅस बंद करायला सांगितला, दोन माणसं बरोबर घ्या म्हणाले. तिथल्या सावंतबाईंचा दीर आणि शेजारी स्टेशनकडे निघाले. मागे इमारतीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी घाई केली. सावंतबाईंच्या बांगड्या उतरवल्या, कपाळ पुसलं.

बातमी पसरली. दुसऱ्या गणेशकृपातल्या सावंतबाईंनाही कळलं. दोघींची ओळख होती. एकीची पत्रं दुसरीकडे जायची, ती नेऊन देता-घेता झालेली. त्या हातातलं काम टाकून धावत आल्या आणि मैत्रिणीला धरून बसल्या. तिच्या बांगड्या उतरवल्या तेव्हा तिचा हात त्यांनीच धरला होता.

तासाभराने दीर परत आला. दारातूनच म्हणाला, "ते दादा नाहीत. हे दुसरेच सावंत आहेत."

"आणि तो बोलला तेव्हा," भाऊ म्हणाले, "मी त्याच्या मागेच उभा होतो. सगळे आनंदाने ओरडले. ती दुसरी बाईसुद्धा. तीसुद्धा ओरडली, ताई. मैत्रिणीच्या गळ्यात पडली. आणि मग माझ्या हातात पास होता, तो तिने बघितला."

फलाटावर एक मासेवाली पाटी पालथी घालून तिच्यावर डोकं टेकवून झोपली होती. भाऊ तिच्याकडे बघत राहिले.

त्यानंतर त्यांनी मास्तरांना सांगून पाहिलं की हे काम मला नको. मास्तर म्हणाले, नको तर कोण जाणार? पोलिसांना गल्ल्या ठाऊक नाहीत. तेव्हा भाऊंनी डबा उघडायला सुरुवात केली. निघण्याआधी डबा उघडायचा, भाजी बघायची आणि दारात आधी तीच विचारायची. उत्तर जुळलं नाही तर "चुकून आलो, माफ करा" म्हणून जिना उतरायचा. मला म्हणाले, "डबा उघडताना हात धजत नाही. कुणाच्या तरी घरचं ते जेवण. पण पत्ता चुकतो, ताई. भाजी चुकत नाही."

त्याच दुपारी त्यांनी मला त्यांच्या मनातली एक गोष्ट सांगितली. ती सांगताना ते फलाटाच्या फरशीकडे बघत होते. "माझं एक मागणं आहे देवाकडे. मी कुणाच्या दारात उभा राहिलो की आतून 'काय झालं?' असं येतं. वीस वर्षांत दुसरं काही आलं नाही. एकदा कुणीतरी 'या' म्हणावं. बसलो नाही तरी चालेल. नुसतं 'या' म्हणावं."

त्यांची खटपटही चालायची. एका गणपतीत ते नवा शर्ट घालून, हातात नारळ घेऊन नवघरातल्या एका घरी दर्शनाला गेले. मुद्दाम असं घर निवडलं जिथे त्यांनी कधी निरोप नेला नव्हता. दार उघडंच होतं, आरती नुकतीच झालेली. घरच्या बाईंनी त्यांना दारात पाहिलं आणि नवऱ्याचं नाव घेऊन किंकाळी फोडली. नवरा चार हातांवर बसून प्रसाद वाटत होता. मग सगळे हसले. बाईही डोळे पुसत हसल्या, "मेल्या, नारळ आधी पुढे करायचा ना!" म्हणाल्या. पण मोदक त्यांना दारातच दिला. भाऊ हा प्रसंग नक्कल करून सांगायचे, बाईंच्या किंकाळीसकट. मी हसत नसे म्हणून त्यांना वाईट वाटायचं. "हसा की, ताई. हसण्यासारखंच आहे ते."

माझं लग्न ठरलं तेव्हा मी नोकरीला लागले होते. केळवण घरीच करायचं होतं, पंधरा-वीस माणसांचं. मी आईला म्हटलं, "भाऊंना बोलावू या."

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "त्यांचं मी वाईट चिंतत नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी ते माझ्याशी जितकं नीट वागले तितकं पुढे कुणी वागलं नाही. पण ते दारात उभे राहिले की मला तो दिवस दिसणार. त्यांना माझा नमस्कार सांग, लाडू नेऊन दे. घरी नको."

मी वाद घातला नाही. लाडू डब्यात भरून स्टेशनवर नेले. भाऊंनी डबा हातात घेतला आणि विचारलं, "आईंनी दिलेत?" मी हो म्हटलं. त्यांनी डबा बाकावर ठेवला. मग म्हणाले, "आईंचं बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर मीही नको म्हटलं असतं." मी घरी बोलावण्याविषयी एक अक्षर काढलं नव्हतं. तरी त्यांना कळलं होतं.

त्यानंतरच्या वर्षांत टेलिफोन आले. केबिन रोडवर दर दहा पावलांवर पिवळा बूथ झाला, मग घराघरांत फोन घणघणायला लागले. पासाबरोबर लोक शेजाऱ्याचा का होईना, नंबर लिहून ठेवू लागले. स्टेशनवरूनच पोलीस फोन लावायचे. भाऊंना हाक क्वचित यायची. मला वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. ते म्हणाले, "फोनवर सांगतात तेव्हा गॅस कोण बंद करतं?"

भाऊ निवृत्त झाले त्या दिवशी स्टेशनात त्यांचा हारतुरे देऊन निरोप समारंभ झाला. मी माहेरी आले होते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी आणि आई गॅलरीत होतो. भाऊ गल्लीत शिरताना दिसले. गळ्यात झेंडूचा हार होता, हातात काही नव्हतं. पिशवी नव्हती, भाजी नव्हती. त्यांना वाटलं असावं की आज हार आहे, आज कुणी घाबरणार नाही. ज्या ज्या घरी ते निरोप घेऊन गेले होते, त्या घरांचा निरोप घ्यायला ते निघाले होते, हे मला नंतर कळलं.

नळावरच्या बायका गप्प झाल्या. समोरच्या इमारतीतली एक खिडकी लागली. भाऊ आमच्या जिन्याशी आले आणि थांबले. वर बघितलं. आम्ही दोघी त्यांना दिसत होतो. आई वळली, आत गेली आणि तिने गॅस बंद केला. भात शिजत होता. मी तिथेच उभी होते. त्यांच्यात आणि माझ्यात एका मजल्याचं अंतर होतं. त्यांना हवं ते एक अक्षर होतं आणि ते म्हणायला मला कुणाची परवानगी नको होती. मी आत वळून आईकडे पाहिलं. ती ओट्याला धरून उभी होती. पुन्हा खाली पाहिलं तेव्हा भाऊंनी हात जोडले होते. मीही जोडले. ते गेले.

माझ्याकडून हे का झालं, याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधते आहे. आईला दुखवायचं नव्हतं, हे उत्तर खोटं नाही. पण मलाही भीती वाटली होती. हारासकट, रिकाम्या हातांनी ते जिन्याशी उभे राहिले तेव्हा माझा नवरा कुठे असेल, हा विचार माझ्या मनात आला होता. त्यांच्याशी सगळ्यांत जास्त बोललेली मी, आणि माझ्याही मनात 'काय झालं?' हेच आलं.

दुसऱ्या वर्षी भाऊ गावी वारले. स्टेशनवरच्या एका जुन्या तिकीट तपासनिसाने मला सांगितलं. त्यांचं गाव रायगड जिल्ह्यात, महाडच्या पुढे. मी रजा काढून एकटीच गेले. घर लहान, सारवलेलं. भाऊंच्या पत्नी ओटीवर सुपात काही पाखडत होत्या. भाईंदरहून आले म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"भाईंदरच्या? नवघरच्या का वो?"

"हो."

"बसा, बसा. ह्ये सांगायचे ना मला. नवघरात असं घर न्हाय, जितं मी गेलो न्हाय, म्हणायचे. मी इकडं, पोरं इकडं. मला लई काळजी असायची, एकटा माणूस, खातो का न्हाय. तर म्हणायचे, मला काय कमी हाय? रोज कुणी ना कुणी 'या, बसा' करतंय. एका घरी जेवलो तर दुसरं घर रुसतंय."

मी मान हलवली. त्या माझ्या जवळ सरकून बसल्या.

"तुमच्याकडं यायचे का?"

"यायचे," मी म्हणाले.

"जेवायचे?"

"हो. आई वाढायची त्यांना."

"काय आवडायचं वो त्यांला, आईच्या हातचं?"

भाऊंना काय आवडायचं, हे मला माहीत नव्हतं. आठ-नऊ वर्षांत मी ते कधी विचारलंच नव्हतं. समोर सुपात कुळीथ होते.

"कुळथाचं पिठलं," मी म्हणाले.

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "माझ्या हातचं कदी धड खाल्लं न्हाय ते. घशाखाली उतरत न्हाय, म्हणायचे." मग थोडं हसल्या. "आईच्या हाताला चव असंल."

निघताना त्यांनी पिशवीत कुळथाचं पीठ बांधून दिलं. आईसाठी. त्यांच्या माणसाला जेवू घातलं म्हणून.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, काहीही न लपवता. तिने पिशवीची गाठ सोडली, पीठ चाळलं आणि बरणीत भरलं.

तेव्हापासून दर वर्षी मे महिन्यात कुणाच्या तरी हातून ते पीठ येतं. आई आता थकली आहे. पीठ मी चाळते. आम्ही दोघी ते खातो.